हार्डकोर आणि थ्रॅश मिसळून पहिला अल्बम काढायचाय? मग आधी स्नेअर मोजा

हार्डकोर पंक आणि थ्रॅश मेटल मिसळून पहिला अल्बम करायचा म्हटलं की बहुतेक बँड लगेच गिटारच्या मागे लागतात, अँप कुठला, पेडल कुठलं, ट्यूनिंग किती खाली घ्यायचं, आणि ड्रमरला सांगतात तू फक्त फास्ट वाजव बाकी आम्ही बघतो. नेमकं उलटं करायला हवं. ही सरमिसळ होते ती ड्रम्समधे आणि गाण्याच्या लांबीत. रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) तोच ठेवून खालचा बीट बदलून बघा, मेटल वाटणारा रिफ एकदम पंक वाटायला लागतो आणि पंक वाटणारा मेटल. गिटारवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण करून बघितलं की पटतं.

म्हणून या सगळ्या लेखात मी ड्रमरची बाजू घेणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी कान तयार करा

क्रॉसओव्हर, म्हणजे हीच हार्डकोर-थ्रॅशची सरमिसळ, काय असतं हे माहीत असेल तरी अल्बम लिहायला घेण्याआधी पूर्ण बँडने एकत्र बसून थोडं जुनं ऐका, आणि नुसतं मान हलवत नाही, काहीतरी शोधत ऐका. डिस्चार्जचा १९८२चा अल्बम घ्या. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा हा बँड, पंकच, पण गिटारचा आवाज इतका जाड आणि बीट इतका एकसुरी आक्रमक की मेटलवाल्यांनी तो उचलला, मेटॅलिकाने १९९८मधे यांची दोन गाणी कव्हर केली. डी-बीट हे ड्रमच्या एका बीटचं नाव याच बँडवरून पडलंय, तो कसा वाजतो ते पुढे येतंच. इथे शोधायचं काय तर तोच बीट किती वेळ न बदलता चालतो आणि तरी कंटाळा का येत नाही.

मग डी.आर.आय., ह्यूस्टनचे, नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १९८३ची त्यांची पहिली ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) म्हणजे सात इंची रेकॉर्डवर २२ गाणी, म्हणजे सरासरी काढली तर एक गाणं मिनिटभराचंही नाही. आणि त्याच बँडचा १९८७चा अल्बम, ज्याचं नावच 'क्रॉसओव्हर', त्यात गाणी लांब झालीयेत, रिफ मेटलचे झालेत. दोन्ही एकामागून एक लावा. चार वर्षांत काय काय बदललं ते कागदावर लिहून काढा, तीच तुमची पहिली शिकवणी.

एस.ओ.डी.चा १९८५चा अल्बम 'स्पीक इंग्लिश ऑर डाय' दुसऱ्या बाजूने, म्हणजे मेटलकडून आलेला. अँथ्रॅक्सचे स्कॉट इयन आणि चार्ली बेनांटे, आधी अँथ्रॅक्समधे असलेला डॅन लिल्कर, आणि गायला बिली मिलानो. तीन दिवसांत रेकॉर्ड झालेला, २१ ट्रॅक, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. रिफ म्हणजे निव्वळ सोनं, पण लिरिक्स आज वाचवत नाहीत, जोक म्हणून लिहिलेले होते म्हणे, तरी शीर्षकापासूनच परक्या लोकांची टिंगल आहे. रिफ शिका, ते लिरिक्स तिथेच सोडा.

क्रो-मॅग्सचा १९८६चा पहिला अल्बम, न्यूयॉर्कचा, हा माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी, कारण तिथे पहिल्याच अल्बमला मिश्रण पूर्ण झालेलं दिसतं. पहिलं गाणं सुरू झाल्यावर गायक लगेच येतच नाही, बँड आधी रिफ वर रिफ चढवत नेतो आणि मग एकदम सुटतो. आणि अलीकडचं पाहिजे असेल तर डॅलसच्या पॉवर ट्रिपचा २०१३चा पहिला अल्बम, फक्त आठ गाणी. म्हणजे २२ पण चालतात आणि आठ पण चालतात, मधलं काहीही चालतं, फक्त का तेवढी ते तुम्हाला माहीत पाहिजे.

हे ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल. सुइसायडल टेंडन्सीज, सी.ओ.सी., डी.आर.आय. हे सगळे हार्डकोरमधून आले आणि नंतर नंतर मेटलकडे सरकले, त्यांचे पहिले रेकॉर्ड बऱ्यापैकी हार्डकोरच आहेत. एस.ओ.डी. आणि न्यूक्लिअर असॉल्ट मेटलकडून आले. तुमच्या बँडमधे कोण कुठून आलंय हे पहिल्या मीटिंगलाच उघड बोलून घ्या. थ्रॅशवरून आलेला गिटारिस्ट एका गाण्यात सात रिफ आणतो, हार्डकोरमधून आलेल्या गायकाला गाणं सव्वा मिनिटात संपवायचं असतं, आणि दोघं सहा महिने एकमेकांवर धुसफुसत राहतात कारण भांडण नक्की कशावर आहे तेच कळलेलं नसतं.

स्नेअर मोजायचं म्हणजे काय

आता मुद्द्याचं. समजा टेम्पो २०० बीपीएम (मिनिटाला २०० बीट) धरला, चार बीटचा एक बार. या एकाच टेम्पोवर ड्रमरकडे मुख्य तीन गिअर आहेत, आणि कुठला गिअर पडलाय ते ओळखायची खूण एकच, बारमधे स्नेअर, म्हणजे तो कडक 'टा' वाजणारा ड्रम, किती वेळा वाजतो.

चार वेळा वाजला तर तो स्कँक बीट. प्रत्येक बीटवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि दोन बीटच्या बरोब्बर मधे स्नेअर, किक-स्नेअर-किक-स्नेअर असं न थांबता. थ्रॅश म्हणून जो धावणारा बीट कानात बसलाय तो हाच, आणि हार्डकोरवाल्यांची पोरं ज्यावर गोल गोल धावतात तो पण हाच. दोन्ही घरांमधली कॉमन भिंत म्हणा.

दोन वेळा वाजला, दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर, आणि किक मधे अडखळत दोनदोनदा पडली, डुम-टा, डु-डुम-टा, की झाला डी-बीट. टेम्पो तोच २००, पण अचानक सगळं रुंद आणि जड वाटायला लागतं कारण स्नेअर निम्मे झाले.

एकदाच वाजला, तिसऱ्या बीटवर, की हाफ-टाइम, म्हणजे ब्रेकडाउनची जागा. इथे पब्लिक धावायचं थांबतं आणि हातपाय फेकायला लागतं.

चौथा गिअर ब्लास्ट बीट आहे, किक आणि स्नेअर मशीनगनसारखे अखंड, एस.ओ.डी.च्या अल्बमवर बेनांटेने तो १९८५लाच वाजवलाय, पण पहिल्या अल्बममधे तो जपून वापरा, पूर्ण अल्बममधे दोन-तीन जागी, प्रत्येकी चार बार, बास. जास्त झाला की अल्बम ग्राइंडकोरकडे, म्हणजे याहून टोकाच्या म्युझिककडे झुकतो आणि मग ते वेगळंच प्रकरण.

आता एक प्रयोग करा, खरंच करा, वाचून सोडू नका. गिटारवर सगळ्यात जाड तार मोकळी, पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून), एका बीटला दोन असे सरळ आठव्या भागाचे डाउनपिक (पिक फक्त खालच्या दिशेने), आणि बारच्या शेवटी पहिल्या फ्रेटचा पॉवर कॉर्ड मोकळा सोडायचा, मग परत मोकळी तार, आणि दुसऱ्या बारच्या शेवटी तिसऱ्या फ्रेटचा. एवढाच रिफ, यात काही जगावेगळं नाही, पहिला फ्रेट असल्यामुळे तो अर्ध्या स्वराचा काळोखी मेटल वास येतो इतकंच. हा रिफ चार बार स्कँकवर वाजवा, चार बार डी-बीटवर, चार बार हाफ-टाइमवर, गिटारिस्टने हात अजिबात बदलायचा नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यात थ्रॅश ऐकू येईल, दुसऱ्यात तोच रिफ इंग्लंडच्या पंकसारखा वाटेल, तिसऱ्यात न्यूयॉर्क हार्डकोर. रिफ एक आणि गाणी तीन. यानंतर गिटारिस्ट सात रिफ आणायचा थांबतो, कारण त्याला कळतं की दोनातच काम होतंय.

एक गाणं सेकंदाने मांडून

एक गाणं पूर्ण मांडून दाखवतो, तुम्ही याच्यावर तुमचं बसवा. २०० बीपीएमला एक बार १.२ सेकंदाचा होतो. इंट्रो रिफ ८ बार, म्हणजे साडेनऊ सेकंद, ड्रमरने इथे फक्त टॉम आणि क्रॅशवर फटके द्यायचे, बीट द्यायचाच नाही. मग वर्स (कडवं) १६ बार स्कँकवर, १९ सेकंद. कोरस ८ बार डी-बीटवर, इथे सगळ्यांनी मिळून ओरडायचं. परत वर्स १६, परत कोरस ८. इथवर एक मिनिट सात सेकंद झाले. मग सोलो ८ बार, स्कँकवर, दहा सेकंदाच्या आत आटपायचा. मग टेम्पो १९०वर आणून हाफ-टाइमचे १६ बार, साधारण २० सेकंद, हा ब्रेकडाउन. आणि शेवटचा कोरस २०५वर, ८ बार, आणि कट. लांबवायचं नाही, रिंग आउट नाही, हाताने तारा दाबून बंद. टोटल एक मिनिट सेहेचाळीस सेकंद.

या हिशोबात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. ब्रेकडाउनला टेम्पो दहाने खाली आणलाय आणि शेवटच्या कोरसला मूळच्यापेक्षा पाचने वर नेलाय. ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही पण शेवटी गाणं हातातून सुटल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच वाटायला पाहिजे. हार्डकोरमधे बँड एक्साइट होऊन आपोआप पळतो, ते पळणं थोडं ठरवून केलेलं बरं.

असं प्रत्येक गाणं मांडू नका मात्र. दहाच्या दहा गाण्यांत ब्रेकडाउन एक मिनिट सतराव्या सेकंदाला आला तर चौथ्या गाण्यापासून लोक ओळखायला लागतात. दोन गाणी अशी ठेवा ज्यात ब्रेकडाउनच नाही. एक गाणं चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचं ठेवा, न्यूक्लिअर असॉल्टच्या १९८६च्या पहिल्या अल्बममधे असं एक पाऊण मिनिटाचं गाणं आहे आणि लोकांना तेच पहिलं आठवतं. आणि एक गाणं लांब, चार मिनिटांच्या आसपास, त्यात हवं तेवढं थ्रॅश करून घ्या, सात रिफवाल्याला तिथे मोकळा सोडा.

सोलोबद्दल वाद होणारच. हार्डकोरवाले म्हणणार नको, मेटलवाले म्हणणार हवाच. माझं मत, ठेवा, पण आठ बार आणि सूर फार शोधत बसू नका, व्हॅमी बार (तारा सैल-ताण करायचा गिटारवरचा दांडा) खेचा, किंचाळू द्या, संपवा. अल्बमभर मिळून चार-पाच सोलो पुष्कळ झाले.

गिटार, बेस, गळा

ट्यूनिंग ई स्टँडर्ड, अर्धा स्वर खाली, किंवा डी स्टँडर्ड. त्याखाली गेलात की फास्ट पाम म्यूट चिखल होतो, आणि इथे सगळा खेळ उजव्या हाताचा आहे. डीवर जाणार असाल तर तारांचा सेट जाड घ्या, ११-५४च्या आसपास, नाहीतर तार लोंबते आणि ट्यूनिंग दर गाण्याला सरकतं. शक्य तिथे सगळं डाउनपिक. २००ला आठवे भाग सलग डाउनपिकने मारताना हात जळतो, खोटं कशाला बोला, पण अप-डाउन केलं की तो ठोसा जातो, तेव्हा हात तयार करायला १६०पासून सुरू करून हळूहळू वर या.

अँपवर गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी. ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे लावून त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल फुल, ही जुनी ट्रिक आहे, गिटारचा खालचा आवाज टाइट होतो आणि पिकचा आवाज पुढे येतो. आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कापू नका! बेडरूममधे एकट्याने वाजवताना मिड शून्यावर फार भारी वाटतं, बँडमधे गेलं की गिटार गायब. हार्डकोरच्या गिटारला मिड असतोच, थोडा कर्कश, तोच पाहिजे.

बेस पिकने, थोडा ओव्हरड्राइव्ह देऊन. दोन गिटार नसतील, एकच असेल, तर सोलोच्या वेळेला मागे जे भोकाड पडतं ते बेसच भरतो, म्हणून बेसिस्टने तिथे रिफ वाजवत राहायचा, सोलोच्या मागे फिरायचं नाही.

गायकाचं सांगतो. ओरडायचं पोटातून, घशातून नाही. घसा खवखवायला लागला की त्या दिवशीचं थांबवा, दुखणाऱ्या घशाने 'अजून एक टेक' घेतला तर पुढचा आठवडा वाया. ओळी छोट्या ठेवा. १९ सेकंदांच्या वर्समधे श्वास घ्यायला जागा लागते, लिहिताना ही जागा सोडलेली नसेल तर स्टुडिओत शब्द गिळले जातात. लिहून झालं की टेबलावर बोटाने स्कँक बीट वाजवत नुसतं म्हणून बघा, जिथे जीभ अडकते ती ओळ बदला.

आणि मराठीत ओरडा की. ट, ठ, ड, ख असले कडक आवाज आपल्याकडे मुबलक आहेत, ओरडायला याच्याहून चांगलं काय पाहिजे. ब्राझीलच्या रातोस दे पोराओने १९८४ला पहिला अल्बम पोर्तुगीजमधे काढला, नंतर क्रॉसओव्हरकडे वळले, आणि जगभर ऐकले गेले, भाषा कुणाच्या आड आली नाही. विषय पण लांबून आणू नका. ऐंशीच्या दशकात अणुयुद्धाची भीती खरी होती म्हणून क्रो-मॅग्सच्या त्या अल्बमच्या कव्हरवर अणुस्फोटाचा ढग आहे. तुम्हाला ज्याचा खरोखर राग येतो त्यावर लिहा, दुसऱ्याचा राग उसना आणलेला ओरडताना लगेच कळतो.

गँग व्होकल म्हणजे कोरसमधलं सगळ्यांचं ओरडणं, त्याला बँडबाहेरची माणसं बोलवा. पाच-सहा जण पुरतात. एका माइकभोवती उभे करा, चार टेक घ्या, प्रत्येक टेकला जागा बदलायला लावा, कुणी माइकजवळ कुणी भिंतीपाशी, मग ते टेक डावीकडे उजवीकडे पसरवले की पंचवीस माणसं वाटतात. सगळ्यांना एकदम सुरात आणायचा प्रयत्न करू नका, एक जण किंचित उशिरा असलेला बरा वाटतो. लीड गायकाला यात घेऊ नका, त्याचा आवाज ओळखू येतो आणि मजा जाते.

रेकॉर्डिंग

स्टुडिओत जायच्या आधी सगळी गाणी सलग, न थांबता, अल्बमच्या क्रमाने वाजवता आली पाहिजेत, त्याशिवाय बुकिंग करू नका. स्टुडिओचं मीटर चालू असताना ब्रेकडाउन चार वेळा की आठ वेळा यावर चर्चा करणारे बँड असतात. एस.ओ.डी.ने तीन दिवसांत उरकलं कारण ते आधीच मुरलेले वादक होते. तुम्ही दहा गाण्यांसाठी ड्रम्सचे दोन दिवस धरा, बाकी त्यामागे.

क्लिक (ड्रमरच्या कानात टेम्पो देणारी टिकटिक) वापरायचा की नाही? वापरा, पण सपाट नाही, टेम्पो मॅप करून घ्या, वरच्या गाण्यासारखं २००, मग १९०, मग २०५. क्लिकशिवाय वाजवणारे ड्रमर असतील तर त्यांना तसं करू द्या, फक्त मग गिटार त्याच टेकवर लगेच घाला, महिन्याने नको. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला कॉम्प्युटरवर ग्रिडवर चिकटवत बसलात तर हार्डकोरची जान गेली समजा, फक्त जिथे खरंच लंगडतंय तिथे हात लावा.

ड्रम्सला माइक कमी असले तरी चालतं. किक, स्नेअर आणि वर दोन ओव्हरहेड या चारवर पण चांगला आवाज निघतो, खोली ठीक असेल आणि ड्रमर सिंबलवर हात आवरून वाजवत असेल तर. हे फार महत्त्वाचं आहे, ड्रमर क्रॅश जोरात आणि स्नेअर हळू मारत असेल तर मिक्समधे कोणीही काही करू शकत नाही. स्नेअर नवीन स्किनचा, टाइट, थोडा वाजत राहणारा. दर दोन-तीन गाण्यांनी परत ट्यून करा, कारण या वेगाने मारल्यावर तो उतरतोच.

गिटारचा प्रत्येक रिदम दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट करू नका, ते मोनोच राहतं. चार-चार वेळा थर चढवायची गरज नाही, फास्ट रिफ असतात, थर वाढले की कडा बोथट होतात. अँप माइक करतानाच सोबत साधा डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट गिटारचा) पण घेऊन ठेवा, नंतर आवाज आवडला नाही तर तोच ट्रॅक परत अँपमधून काढता येतो, सगळं परत वाजवायला नको.

मिक्सिंग करणाऱ्याला संदर्भ म्हणून दोनच अल्बम द्या, एक जुना एक नवा. दहा दिले की तो सरासरी काढतो. आणि त्याला आधीच सांगा की किकचा तो टायपरायटरसारखा टिकटिक आवाज नकोय, तो आधुनिक मेटलचा आहे, इथे किक छातीत लागली पाहिजे आणि स्नेअर सगळ्यांच्या वर पाहिजे. गायकाच्या आवाजावर छोटा डिले (प्रतिध्वनी), शंभर मिलिसेकंदांच्या आसपास, एवढं पुरतं, गुहेत ओरडल्यासारखा रिव्हर्ब नको. मास्टरिंगला सगळं फुगवून लाल करू नका, ब्रेकडाउन आल्यावर तो मोठा वाटायला त्याच्या आधीचं किंचित लहान असावं लागतं.

क्रम, कव्हर, बाहेर काढणं

पंचवीस मिनिटं ही या प्रकारच्या पहिल्या अल्बमला छान लांबी आहे. तीसच्या पुढे जायचं असेल तर लांब गाणी खरोखर दमदार पाहिजेत. विनाइल काढायचा विचार असेल तर बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण १८ ते २० मिनिटं नीट बसतात, म्हणजे तुम्हाला जागेचा काही प्रॉब्लेम नाही, फक्त दोन्ही बाजूंची सुरुवात जोरात झाली पाहिजे, म्हणजे सहावं गाणं पण पहिल्याइतकंच तगडं निवडा. दोन गाण्यांमधे शांतता अर्धा सेकंद, काही ठिकाणी तर शून्य, फीडबॅकमधूनच पुढचं सुरू. ते पाऊण मिनिटाचं गाणं लांब गाण्याच्या लगेच आधी ठेवा, दोघांनाही फायदा होतो. लांब गाणं शेवटीच ठेवायचं असा काही नियम नाही, उलट शेवटी छोटं ठेवलं तर लोक परत पहिल्यापासून लावतात.

कव्हरचे दोन जुने रस्ते आहेत, हार्डकोरचा काळा-पांढरा फोटो, गर्दी, कोणीतरी हवेत, आणि थ्रॅशचं रंगीत चित्र, एड रेप्काने केलेल्या न्यूक्लिअर असॉल्टच्या पहिल्या कव्हरसारखं. कुठलाही घ्या, दोन्ही अर्धे अर्धे घेऊ नका. चित्र काढून घेणार असाल तर चित्रकाराला पैसे आणि श्रेय दोन्ही द्या, आणि टी-शर्टवर छापायची परवानगी आत्ताच लिहून घ्या. लोगो वाचता आला पाहिजे. डी.आर.आय.चा तो वर्तुळातला पळणारा माणूस बघा, एका रंगात छापता येतो, पेनने वहीवर काढता येतो, म्हणून तो चाळीस वर्षं टिकलाय.

गाणी कुणाची, पैसे कसे वाटायचे, हे रिलीजच्या आधी एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करा. मैत्री आहे म्हणून नको असं म्हणू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा. माझा सल्ला सगळ्यांना समान वाटा, कारण वर सांगितलंच, रिफ गिटारिस्टने आणला तरी गाणं ड्रमरने ठरवलेलं असतं. कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडचं गाणं टाकणार असाल तर त्याचं लायसन्स घ्या.

रिलीजच्या आधी दोन गाणी सोडा, एक सगळ्यात फास्ट आणि एक सगळ्यात जड, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना कळतं की हे आपल्यासाठी पण आहे. बँडकॅम्पवर पूर्ण अल्बम ठेवा, स्ट्रीमिंगवर पण ठेवा, आणि परवडत असेल तर थोड्या कॅसेट काढा, या म्युझिकच्या लोकांना हातात धरायला काहीतरी लागतं. लिरिक्स शीट आत घाला. ओरडलेलं कळत नाही आणि लोकांना कळून घ्यायचं असतं.

रिलीजच्या गिगला पूर्ण अल्बम क्रमाने वाजवा, पंचवीस मिनिटांचा सेट म्हणजे अगदी योग्य. दोन गाण्यांच्या मधे भाषण नको, ट्यूनिंग करताना बेसिस्टने फीडबॅक नाहीतर एखादी नोट चालू ठेवायची. हार्डकोरचे बँड आणि मेटलचे बँड दोन्ही बोलवा, आणि तुम्ही मधे वाजवा, शेवटी नाही, कारण शेवटपर्यंत अर्धे लोक घरी गेलेले असतात. पिटमधे (स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या गर्दीत) कुणी पडलं तर बाकीच्यांनी उचलायचं हे स्टेजवरून सुरुवातीलाच एकदा सांगा, आणि ड्रमरच्या मागे एक स्पेअर स्नेअर ट्यून करून ठेवा, पहिल्याची स्किन तिसऱ्या गाण्याला फाटली तर सेट थांबायला नको.